बटाटे हॉलंडचे, पत्रिका सेन्सॉरची

प्रश्न : आमचे आजोबा अजून सांगतात, पोर्तुगीज काळात गोंयात काय नव्हतं, विलायती घड्याळं, चीज, व्हिस्की, सगळं स्वस्तात. आणि नातू म्हणतो ओटीटी आहे, मॉल आहे, रोज मॅच आहे, कोण कुणाला दाबतोय? मग 'सत्तावाले लोकांना चैनीत गुंगवून ठेवतात' हे उगाच रडगाणं नाही का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आजोबा खोटं बोलत नाहीत हो. १९५४-५५ च्या सुमाराला भारताने नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा असं कुठून कुठून आणून बाजार भरला, खनिज जपानला जात होतं त्यामुळे काही घरांत पैसाही खेळत होता. (सगळ्यांच्या नाही, कुळाच्या घरात कुठलं आलंय चीज!) पण त्याच काळात साधी लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरकडे न्यावी लागायची, हे पण आजोबांना विचारा ना. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तर लगेच अटक, आणि त्याच वर्षी गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं.

आता कुणी कट करून बटाटे आणले असं मी म्हणत नाही, ते नाकेबंदीमुळे आले. पण भरलेलं दुकान दाखवून 'बघा, लोक सुखात आहेत' म्हणता येतं, आणि ते म्हटलं गेलं. खुद्द पोर्तुगालात फुटबॉल, फादो (तिथली लोकप्रिय गाणी) आणि फातिमा (मेरीमातेचं तीर्थक्षेत्र) ह्या तिघांवर सालाझार राज्य चालवतो असं टीकाकार म्हणायचे, आणि तिथल्या पेपरांवर 'सेन्सॉरने तपासलं' अशी ओळ उघड छापलेली असायची, म्हणजे लपवाछपवीसुद्धा नाही, लोक ती ओळ ओलांडून मॅचचा निकाल वाचत.

नातवाचं म्हणाल तर त्याने मॅच बघावी की, मीही बघतो. आज कुणी पत्रिका तपासत नाही, हा फरक मोठाच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. फक्त त्याला एवढं विचारा की तुमच्या वाड्यावरची कुठली ऑर्चर्डची, म्हणजे बागायतीची, जमीन सेटलमेंट, म्हणजे बांधकामाची, होतेय ते त्याला माहीत आहे का. नोटीस पेपरात येते, आतल्या पानावर, बारीक टायपात, आणि हरकत घ्यायची मुदत असते तोवरच काय ते बोलता येतं.