गावातल्या बायांना शिलाई मशीन वाटून उपयोग होईल का?

तुमचा प्रश्न असा: मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, नोकरी पुण्यात, थोडे पैसे साठले आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या गरीब बायांना मशीन वाटून शिवणक्लास घ्यायचा आहे. मी याच जिल्ह्यात बचत गटांसोबत काम करते, म्हणून स्पष्टच सांगते. मशीन वाटू नका, आणि दिवाळीत तर क्लास मुळीच ठेवू नका. तेव्हा कापूस वेचणीची धांदल असते. बाई सकाळी भाकर बांधून निघते ती दिवस मावळताना घरी येते. वेचणीची मजुरी किलोवर असते. ती बुडवून कोणी क्लासला बसणार नाही, आणि बसावं अशी अपेक्षाही करू नये. तूर-हरभरा घरात आला की हात जरा मोकळे होतात. पण जंगलाकडच्या गावांत त्यानंतर लगेच मोहफुलं आणि मग तेंदूपत्ता. वेळ बायांना विचारूनच ठरवा.

मशीनबद्दल एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, बाईनं मला सरळ विचारलं होतं, "ताई, मशीन त देऊन रायले, पन शिवाले कपडे कोन देते?" लहान गावात ब्लाउज, परकर, फॉल-पिको यावर दोन-तीन घरं चालतात. तेच सगळ्यांना शिकवलं तर एकमेकींचं गिऱ्हाईक तुटतं.

त्यापेक्षा गावातला पैसा कशावर बाहेर जातो ते बघा. आमच्या भागात त्यातली एक मोठी गोष्ट तूरडाळ आहे. शेतात तूर पिकते, ती तशीच व्यापाऱ्याकडे जाते आणि पावसाळ्यात तेच घर दुकानातून डाळ विकत आणतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल विकसित केली आहे, ती गटाला चालवता येते. यंत्र चालवणं हा त्यातला सोपा भाग. आधी तुरीच्या सालीवर ओरखडे पाडायचे, तेल चोळून उन्हात टाकायची, पाणी देऊन पुन्हा वाळवायची, मग भरडायची. वाळवण कच्चं राहिलं तर साल सुटत नाही. जात्यावर आयुष्यभर डाळ केलेल्या म्हाताऱ्या बाया दाणा दाताखाली धरून सांगतात, "अजून एक ऊन दे वं." शिकवायला त्यांनाच बसवा, बाहेरचा माणूस फक्त यंत्रापुरता. शंभर किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते आणि चुनी, म्हणजे साल आणि तुकड्यांचा चुरा, ढोरांना जाते. पहिलं गिऱ्हाईक गावातच असतं, बाजार शोधत फिरावं लागत नाही.

पण हे एकटीच्या बळावर होत नाही, त्याला गट लागतो. मात्र तुमच्या नावाचा नवा गट काढू नका, ही माझी विनंती समजा. बायांचे बचत गट बांधणारं माविम, म्हणजे राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून आहे, तसंच काम करणारं सरकारचं उमेद अभियान २०११ पासून. बहुतेक गावांत गट आणि त्या सगळ्या गटांचा मिळून एक ग्रामसंघ असतोच. गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेनं १९९२ मध्ये सुरू केलं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब एवढं चोख असलं की गटाला तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. जिथं गट बंद पडलाय तिथं छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या शिरल्यात. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीकडून उचल, असं चाललेलं मी घराघरांत पाहते आणि जीव तुटतो.

म्हणून कौशल्य शिकवायचंच असेल तर आधी गटाची वही लिहायला शिकवा. कित्येक गटांची वही कोणाचा तरी मुलगा नाहीतर नवरा लिहितो, आणि मग कर्ज कोणाला द्यायचं हेही हळूहळू तोच ठरवू लागतो. आमच्या एका गटात वही बाईच्या हाती आल्यावर दर बैठकीत प्रत्येकीची बचत, कर्ज, व्याज मोठ्यानं वाचायचं ठरलं. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कधी तोंड न उघडणारी, अंगठा लावणारी आजी म्हणाली, "माये दीडशे रुपये दोनदा कापले." तपासलं तर खरंच दोनदा कापले होते. पुढं त्याच आजी ग्रामसभेत नळाच्या पाण्यावर बोलल्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असा कायदा आहे, पण ती बरेचदा कागदावरच उरकतात. वही वाचणाऱ्या बायांसमोर ते जमत नाही.

तुमचे पैसे ग्रामसंघाशी बोलून डाळ मिलच्या शेडला किंवा वजनकाट्याला द्या. शिवणकामच हवं असलेल्या दोघी-चौघी निघाल्या तर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासी प्रशिक्षण फुकट मिळतं, तिकडे पाठवा.

आणि तुमचं स्वतःचं शिक्षण हेही देण्यासारखं आहे. गावात आठवी-नववीत शाळा सुटलेल्या मुली आणि सुना असतात. पाचवी पास असलेल्यांना १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसता येतं. त्या गणित आणि इंग्रजीला घाबरतात. पुण्यात राहूनही आठवड्यातून दोन संध्याकाळी मोबाइलवर हे दोन विषय तुम्ही शिकवू शकता, फक्त वेळ स्वयंपाक उरकल्यानंतरची ठेवा. बोर्डाच्या संकेतस्थळावर अर्जाच्या तारखा बघा आणि शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधायला सांगा, कारण सासरी आलेल्या मुलींचा दाखला बहुतेक माहेरच्या शाळेत अडकलेला असतो.