बॅटरीविना डायोडमध्ये दिसणारे मिलिव्होल्ट

प्रश्न : मी नवी पेठेतून १एन४१४८ जातीचे २० डायोड (वीज मुख्यतः एकाच दिशेने जाऊ देणारे सुटे भाग) आणून एकाच दिशेने एकापुढे एक जोडले. बॅटरी नसतानाही दोन्ही टोकांमध्ये डिजिटल मल्टीमीटर ५ मिलिव्होल्ट दाखवतो. डायोड खोलीतील उष्णतेचे विजेत रूपांतर करतात, असे वाचले होते. हे तेच आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला दिसलेला विद्युतदाब खरा असू शकतो, परंतु त्याचे मूळ उष्णतेत नसून बहुधा उजेडात आहे. या डायोडचे वेष्टन पारदर्शक काचेचे असते, आणि आतील सिलिकॉनच्या पी-एन संधीवर, म्हणजे दोन प्रकारचे सिलिकॉन जिथे जुळतात त्या जागी, प्रकाश पडला की ती अगदी लहान सौरघटासारखी वागते. म्हणून प्रथम साखळीवर जाड काळे कापड टाकून आकडा पाहावा. तो लगेच घसरला, तर मुख्य कारण सापडले.

तरीही काही उरले, तर साखळी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून मीटरची काळी तार डब्याला जोडावी. मात्र डायोडच्या उघड्या तारा डब्याला टेकू देऊ नयेत. घरातील वायरिंग, शेजारचे यंत्रमाग आणि मोबाइलचे मनोरे यांच्या लहरी लांब तारा पकडतात आणि डायोड त्यांचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो; डबा त्या बऱ्याच अंशी अडवतो. हाताळलेले सांधे असमान तापलेले असले, तरी मायक्रोव्होल्टांचा फरक पडतो, म्हणून डबा तासभर सावलीत स्थिर ठेवावा, विशेषतः आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात. शेवटी मीटरच्या तारा अदलाबदल कराव्यात : आकड्याचे चिन्ह बदलले नाही, तर तो दाब साखळीचा नसून मीटरचाच आहे.

उष्णतेच्या कल्पनेला आधार नाही असे नाही, आणि ती सुचणे हे जिज्ञासेचे लक्षण आहे. प्रत्येक रोधात इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे दाब सतत वरखाली होतो. याविषयी भौतिकशास्त्रज्ञ जॉन्सन यांची मोजमापे आणि नायक्विस्ट यांचे गणित १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. १० लाख ओहमच्या रोधात, खोलीच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झ रुंदीच्या वारंवारता-पट्ट्यात हा दाब सुमारे १३ मायक्रोव्होल्ट भरतो. पण तो दोन्ही दिशांना सारखाच असतो. डायोड त्यातील एकच बाजू निवडेल असे वाटते. प्रत्यक्षात डायोडही त्याच तापमानाला असल्याने त्याचा स्वतःचा उष्णताजन्य गोंधळ ही निवड नेमकी पुसून टाकतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रिलुआँ यांनी १९५० मध्ये हाच विरोधाभास मांडून दाखवले की, डायोडने अशी निवड केली, तर ऊष्मागतिकीचा दुसरा नियमच मोडेल; सगळीकडे तापमान सारखे असताना नुसत्या उष्णतेतून सतत काम मिळवता येत नाही, असे तो सांगतो.

मिळणाऱ्या ऊर्जेचाही हिशेब करावा. मीटरचा रोध १ कोटी ओहम धरल्यास ५ मिलिव्होल्टला प्रवाह अर्धा नॅनोअँपिअर येतो, म्हणजे शक्ती २.५ पिकोवॅट. स्वस्त मीटरचा रोध बरेचदा १० लाख ओहमच असतो, त्यामुळे तोच साखळीवर भार टाकून दाब खाली ओढतो. मीटर बदलल्यावर आकडा वेगळा आला, तर ते नवल नाही.

प्रयोग पुढे न्यायचा असेल, तर एक लाल एलईडी उन्हात धरून मोजावा. जास्त रोधाच्या मीटरवर १ व्होल्टहून अधिक दाब मिळतो, आणि बोटाने झाकताच तो खाली येतो.