पेन आधी तळहातांत फिरवा, मग टोचा

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे, दीड वर्षापासून ३०/७० वालं मिक्स इन्सुलिन पेनने घेते, सकाळी १८ आणि रात्री १० युनिट. डोस तोच, खाणं जवळपास तेच, तरी शुगर कधी २८० तर कधी ६२. परवा दुपारी जेवायला तासभर उशीर झाला तर तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आम्ही सगळे जाम घाबरलो. इन्सुलिन खराब निघालंय का, बदलून घ्यावं का?

उत्तर : ताई, इन्सुलिन खराब असेलही, पण मी आधी दुसरंच विचारेन, टोचायच्या आधी आई पेन फिरवते का? बरेच जण फिरवत नाहीत, कारण त्यांना कोणी कधी करून दाखवलेलंच नसतं.

या पेनात दोन प्रकारचं इन्सुलिन असतं, ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के सावकाश, आणि हा सावकाश भाग विरघळलेला नसतो, त्याचे बारीक कण असतात. रात्रभर ठेवलेलं पेन उजेडात धरून बघा, खाली पांढरा थर आणि वर नितळ पाणी दिसेल. तसंच टोचलं तर एक दिवस पाणी जास्त जातं, एक दिवस थर जास्त, म्हणजे डायलवर १८ च दिसतात पण पोटात जाणारे १८ रोज वेगळे. म्हणून पेन दोन्ही तळहातांत १० वेळा लाटल्यासारखं फिरवायचं, मग १० वेळा वर-खाली उलटं करायचं, आतली छोटी गोळी या टोकाहून त्या टोकाला सरकताना दिसली पाहिजे. सगळं दुधासारखं एकसारखं पांढरं झालं की मगच सुई लावायची. जोरात झटकू नका, फेस होतो. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले तर ते पेन टाकून द्या, आणि चुकून बर्फात गोठलेलं तर अजिबातच वापरू नका. पेन संपत आलं की गोळीला सरकायला जागा उरत नाही, म्हणून बऱ्याच पेनच्या माहितीपत्रकात १२ युनिटपेक्षा कमी उरलं की नवं घ्या असं लिहिलेलं असतं.

दर वेळी नवी सुई, आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं, आणि टोचल्यावर बटण दाबून ठेवून १० पर्यंत सावकाश मोजायचं. आईच्या पोटावर हात फिरवून बघा हो, रोज एकाच जागी टोचून तिथे मऊ किंवा कडक गाठी होतात, टोचताना दुखत नाही म्हणून माणूस परत तिथेच टोचतो, आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. हेही शुगर वर-खाली होण्याचं मोठं कारण आहे.

आता दुपारचं. सकाळच्या डोसातला सावकाश भाग साधारण दुपारच्या सुमारास जोरात असतो, त्यामुळे दुपारचं जेवण पुढे ढकलता येत नाही. तिच्या वेळा रोज बदलत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कदाचित वेगळ्या पद्धतीचं इन्सुलिन सोयीचं पडेल. शुगर ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा ३ लहान चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच, आणि मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

अजून एक, ३०/७० मध्येही दोन जाती आहेत, जुन्या ह्यूमन प्रकाराचं जेवणाआधी अर्धा तास घेतात, नव्या ॲनालॉग प्रकाराचं जेवणाच्या अगदी आधी, १०-१५ मिनिटांत. तुमचं कुठलं ते विचारून पेनवर चिठ्ठी चिकटवा. आणि ६२ ची गोष्ट डॉक्टरांना आजच कळवा, कारण पेन नीट फिरवायला लागल्यावर तोच डोस वेगळा लागू पडू शकतो, पहिले काही दिवस जास्त वेळा तपासा, डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

प्रश्न : बाबांचं पेन संपलं म्हणून तेच इन्सुलिन बाटलीतलं आणलं, घरात असलेली कुठलीही सिरिंज चालेल ना?

उत्तर : नाही, आणि बरं झालं विचारलंत. बाटल्या ४० च्याही मिळतात आणि १०० च्याही, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये तेवढे युनिट, आणि सिरिंजही त्याच हिशोबाच्या लागतात, सहसा ४० ला लाल टोपी, १०० ला केशरी. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज अशी गल्लत झाली तर १८ च्या खुणेला ४५ युनिट जातील, हे जिवावर बेतू शकतं. पेनमधून सिरिंजने ओढून घेणंही याच कारणाने नको. बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचा, बाबांना बारीक अक्षर दिसत नसेल तर दर वेळी तुम्ही वाचा.