रोमँटिक कॉमेडी अ‍ॅनिमेत काहीच घडत नाही, तरी लोक सीझनमागून सीझन का पाहतात? मी सुरुवात कशापासून करू?

'काहीच घडत नाही' हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय, की तुमचा प्रश्न दिसल्यावर हातातलं जीएसटीचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. उत्तर लांबेल.

मी बोलणार आहे ती अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, 'काराकाई जोझू नो ताकागी-सान'. जपानमधली माध्यमिक शाळा, शेजारीशेजारी बाकांवर बसणारी दोन मुलं. ताकागी ही मुलगी निशिकाता या मुलाची रोज फिरकी घेते. तो रोज ठरवून येतो की आज हिची जिरवायची, आणि रोज त्याचीच जिरते. संपलं कथानक. यावर २०१८, २०१९ आणि २०२२ असे तीन सीझन निघाले, वर एक चित्रपट. तुमच्या हिशेबाने यात काहीच घडत नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्याही हिशेबाने नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि आयुष्यभर पायाला भिंगरी असलेला माणूस पलंगावर अडकला. पेपर पंधरा मिनिटांत संपायचा. बातम्या लावल्या तर टीव्हीतल्या माणसांवर ओरडायचे. फिजिओथेरपिस्टची स्कूटर फाटकाशी वाजली की झोपेचं सोंग. माझी लेक परीक्षा संपवून घरी आलेली होती आणि आजोबांना सोबत म्हणून त्यांच्याच खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची. एका दुपारी अण्णांनी तिला विचारलं, "हा पोरगा सारखा जोर का मारतोय गं?"

तर निशिकाताने स्वतःला शिक्षा लावून घेतलेली असते. ताकागीने फिरकी घेतली की जोर मारायचे. अण्णांना हा मुलगा तत्काळ ओळखीचा वाटला. असली किती मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली: डोक्याने बरी, पण मनातलं सगळं तोंडावर उमटणारी. लॅपटॉप टीव्हीला जोडला गेला. इंग्रजी सबटायटल्स त्यांच्या डोळ्यांना पळायची, म्हणून कधी लेक, कधी मी, मोठ्याने मराठीत सांगत बसायचो.

तिसऱ्या की चौथ्या भागापासून मास्तरांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे दोन रकाने आखले आणि गुण द्यायला सुरुवात केली. ताकागीचा रकाना भरत चालला. निशिकाता हरला तरी बेत डोकं लावून केलेला असेल तर अर्धा गुण मिळायचा. लेक म्हणायची, आजोबा, हा पक्षपात आहे. अण्णा म्हणायचे, "तोंडी परीक्षेत एवढं चालतं." आणि तो जोर मारायला लागला की हे पलंगावर पाय उचलायचे. फिजिओने तोच व्यायाम सांगितलेला होता आणि तोवर त्यासाठी आम्हाला हातापाया पडावं लागत होतं.

जाऊबाई पुण्याहून अण्णांना बघायला आल्या त्या याच दिवसांत. खोलीत आमच्या आळीतली आणखी दोनतीन माणसं होती. पडद्याकडे एक नजर टाकून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, अण्णांना कार्टून काय दाखवतेस? ते काय लहान आहेत? हरिपाठ लाव, कीर्तन लाव. आणि यात काही घडत तरी आहे का?" एवढं बोलून मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. अण्णाच म्हणाले, "घडलं की आत्ता. तू खाली बघत होतीस."

त्याच रात्री जाऊबाईंची मालिका लागली. तिच्यात सुनेच्या दुधात कोणीतरी काहीतरी कालवलं, विजा कडाडल्या, तीन वेळा तिचा चेहरा जवळून दाखवला आणि जाहिरातीनंतर ते दूध मांजर प्यायलं. याला त्या घडणं म्हणतात. बरं, ज्या शिनचॅनशिवाय त्यांच्या नातवाच्या घशाखाली घास उतरत नाही, तो शिनचॅन आणि झालंच तर डोरेमॉन जो शिन-एई स्टुडिओ बनवतो, त्यानेच ही मालिका बनवलीय. पण नातवाने पाहिलं तर कौतुक आणि अण्णांनी पाहिलं तर सुनेने काहीतरी भलतं लावून दिलं! असो.

आता अण्णा म्हणत होते ते काय घडतं, ते सांगते. ताकागी एक वाक्य बोलते, उदाहरणार्थ तू आवडतोस अशा अर्थाचं काहीतरी. निशिकाताचे कान लाल होतात. मग ती हसून म्हणते, चेष्टा केली रे. त्याला वाटतं आपण पुन्हा फसलो, पहिलं वाक्य थाप होतं. थाप असते ती दुसरी. ती रोज त्याच्या तोंडावर खरं सांगते आणि रोज पळवाटही ठेवते, स्वतःसाठी आणि त्याच्यासाठीही, कारण त्याची अजून झेपवायची तयारी नाही हे तिला दिसतंय. आपल्याला ते कळतं, त्याला कळत नाही, आणि सगळी मजा या फटीत आहे. पहिल्याच भागात खोडरबराची गोष्ट आहे. आवडत्या माणसाचं नाव खोडरबरावर लिहायचं आणि तो झिजवून संपवायचा, की प्रेम जुळतं, अशी त्या मुलांची समजूत. ताकागी हे सहज बोलून जाते, आणि निशिकाता तिच्या खोडरबरावर कोणाचं नाव आहे ते चोरून बघायला जातो. पुढचं सांगत नाही. पुढे मग एका छत्रीतून घरी जाणं, सायकलवर डबलसीट बसायचा सराव, पाण्यात दगडाच्या भाकऱ्या काढायची पैज. पणाला लागतं ते फार तर एखादं कोल्ड्रिंक, पण ती दोघं घाम फुटेस्तोवर खेळतात. मुळात निशिकाता घरी चोरून एक गोडगोड प्रेमकथा वाचत असतो, तिच्यातल्या जोडीसाठी हळवा होतो आणि शेजारच्या बाकावर काय चाललंय त्याचा पत्ता नसतो. या विनोदावर अण्णा इतके हसले की टाके ओढले जातील म्हणून मी बंद करायला निघाले.

आणखी एक. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी विचारलं, "यांचं लग्न होतं का?" लेकीने सांगून टाकलं की होतं. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सोइचिरो यामामोतो यांची, २०१३ ते २०२३ अशी चालली, वीस खंड. पण ती चालू असतानाच या दोघांच्या संसारावर एक वेगळी मांगा निघाली, मिफुमी इनाबा यांनी काढलेली. तिच्यात त्यांना ची नावाची मुलगी आहे. मला वाटलं, हिने सगळा विचका केला. अण्णा म्हणाले, "मग आता निवांत बघू." मला हे फार पटतं. पुढे काय होणार याची धास्ती काढून टाकली की माणूस आत्ता काय चाललंय ते बघायला लागतो. ती हसायच्या आधी किती थांबली, त्याने दप्तर कुठल्या हातात घेतलं, असलं सगळं.

अण्णांनी मग गावाचाही छडा लावला. खरं आहे की काल्पनिक? लेकीने शोधून दिलं: यामामोतो हे सेतो समुद्रातल्या शोदोशिमा बेटावरचे, आणि मालिकेतलं गाव त्याच बेटावरून काढलेलं. लगेच नातीकडून नकाशाचं जुनं पुस्तक मागवलं. जपानच्या होन्शू आणि शिकोकू या मोठ्या बेटांच्या मध्ये ठिपका सापडला, पेन्सिलीने गोल झाला. तिथे ऑलिव्हच्या बागा आहेत आणि सोया सॉस बनवायची जुनी परंपरा आहे, हे पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं गेलं. फिजिओलाही, व्यायाम करता करता.

तुमचा खरा प्रश्न, सुरुवात कशापासून. यापासूनच करा, आणि पहिल्या सीझनपासून क्रमाने. दुसऱ्या सीझनच्या शेवटी उन्हाळी जत्रेचा भाग आहे. तो नुसता उचलून पाहिला तर तुम्ही पुन्हा म्हणाल, एवढं काय, हात तर धरला. तो हात कळायला आधीची सगळी हार पाहिलेली लागते. पहिल्या सीझनच्या मधले काही तुकडे रेंगाळतात, हे मान्य. मिना, युकारी, सनाए या तीन मैत्रिणींचे प्रसंग काहींना आवडतात, मला चहा ठेवायला उपयोगी पडतात. पहिल्या सीझनमध्ये भागाच्या शेवटची गाणी मात्र गाळू नका. जुनी गाजलेली जपानी गाणी ताकागीच्या आवाजात, म्हणजे रिए ताकाहाशी यांच्या, गाऊन घेतलीत.

ताकागी फारच संथ वाटली तर 'कागुया-सामा' बघा, २०१९ची. तिच्यात दोन अतिहुशार मुलं एकमेकांकडून प्रेमाची कबुली काढून घ्यायला लढाईसारखे डावपेच लढवतात. वेग जास्त, आरडाओरडाही जास्त. अण्णांना दमायला झालं.

हे आधी सांगायला हवं होतं: ताकागीमधली मुलं नुकती माध्यमिक शाळेत गेलेली आहेत. मोठ्या माणसांचं प्रेम, नोकरी, संसार हवा असेल तर इथे मिळणार नाही. शिवाय या प्रकारातल्या सगळ्याच मालिका अशा स्वच्छ नसतात. पुष्कळ ठिकाणी मुलींचे कपडे आणि आंघोळी याच्याच भोवती विनोद फिरतो, तेव्हा आईवडिलांसमोर लावण्याआधी एक भाग एकट्याने बघून घ्या. आणि खुबा जोर मारणाऱ्या पोरामुळे बरा झाला असं मी म्हणत नाही. डॉक्टर चांगले होते, फिजिओ चिकट होता. मी एवढंच म्हणते, की हरिपाठ लावला तेव्हा अण्णा झोपायचे आणि हे लावलं की पाय उचलायचे. हे आमच्या घरातल्या चार माणसांनी पाहिलंय.

जाऊबाई या साइटवर असतात, माझी उत्तरं वाचतातही, हे मला ठाऊक आहे. ताई, खाली काय लिहायचं ते लिहा, फक्त आधी एक भाग मोबाईल बाजूला ठेवून बघा.