पेशव्यांच्या घरावर नाटक लिहितोयस तर

अरे बाळा,

तुझे दोन अंक वाचले, एका बैठकीत वाचले, त्यामुळे कौतुक वेगळं करत बसत नाही. आता ऐक. तुझी आनंदीबाई पहिल्या एन्ट्रीपासून डोळे बारीक करून बोलते, राघोबादादा तिच्या मागे मागे फिरतात, आणि मग नारायणरावाचा खून झाला तरी कुणाला काही वाटत नाही, कारण बाई काय करणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असतं. ते 'ध चा मा' प्रकरण तुला टाळता येणार नाही, लोक त्याचीच वाट बघत बसतात, पण ते अक्षर तिनेच बदललं याला पक्का पुरावा नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते दादांना. तेव्हा अख्खा दुसरा अंक त्या कागदावर टांगू नकोस.

मला विचारशील तर माया करणारा आणि दगा देणारा माणूस एकच ठेव. आणि तो तुझ्याकडे तयार आहे, तू त्याला उगाच बायकोचा बैल करून टाकलायस. 1758 ला लाहोरपर्यंत धडक मारलेला माणूस आहे तो. पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब गेले, आणि गादीवर आला सोळा वर्षांचा पुतण्या. मग 1762 ला आळेगावला माधवराव आपणहून काकाच्या स्वाधीन झाला, पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून राक्षसभुवनला निजामाला हरवलं, आणि 1768 ला धोडपला त्याच पुतण्याने काकाला पकडून शनिवारवाड्यात आणून ठेवलं. म्हणजे आज लढाई, उद्या एका पंगतीला, परवा कैद. यातलं एकही खोटं नव्हतं असं समजून लिही. थेऊरला माधवराव क्षयाने जाताना त्याने धाकट्या भावाचा, नारायणरावाचा, हात काकाच्या हातात दिला असं सांगतात. तो सीन तू चार ओळीत उरकलायस, का रे? त्या हाताला थोडा वेळ दे की.

आणि मग 1773 च्या एप्रिलमध्ये नारायणरावाने काकाला परत वाड्यातच अटकेत टाकलं. सतरा वर्षांचं पोर. भिंतीपलीकडे काका, अलीकडे पुतण्या, नोकर दोन्हीकडे जा-ये करणारे. तुझं नाटक खरं इथे आहे, गादीवर नाही. गादीवरून आठवलं, ते 'हे सिंहासन माझं आहे' टाइपचे डायलॉग आधी काढून टाक. पेशव्याला कसलं सिंहासन, छत्रपती साताऱ्याला, तिथून वस्त्रं यायची तेव्हा हा पेशवा. खून झाल्यावर दादांनाही साताऱ्याहून वस्त्रं मागवावीच लागली, हे वापर, फार कडू आहे ते.

खुनाचा, 30 ऑगस्टचा दिवस मात्र निवांत लिही, घाई करू नकोस. सकाळी सरदार रघुजी आंग्र्यांनी नारायणरावाला सावध केलं होतं, त्याने आपल्या हरिपंत फडके या सरदाराला बंदोबस्ताचं सांगितलंही, आणि हरिपंत कुठेतरी जेवायला गेले. बघ ना, एवढा मोठा कट आणि मधे एक जेवणाचं आमंत्रण! असलं काही आपण मनाने रचलं असतं तर डायरेक्टर म्हणाला असता पटत नाही. गारदी, म्हणजे पगारी शिपाई, आत घुसले ते थकलेल्या पगाराचा आरडाओरडा करत, म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाला आधी वाटणार की नेहमीचाच तमाशा आहे, पगार सगळीकडेच थकलेले असायचे.

नारायणराव आधी पार्वतीकाकूंकडे पळाला म्हणतात. सदाशिवरावभाऊंची बायको. पानिपताला बारा वर्षं होऊन गेली तरी नवरा जिवंत आहे असंच मानत होती, कुंकू पुसलं नव्हतं. तुला लव्ह स्टोरी पाहिजे होती ना, ती ही घे, त्या माधवराव-रमाबाईच्या बागेतल्या गाण्यापेक्षा शंभरपट भारी आहे. तिने त्याला दादांकडे जायला सांगितलं असं म्हणतात. घरात वाचवणारा माणूस म्हणून तिला तेच आठवले. आणि त्याने काकाला मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाचा हुजऱ्या त्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मेला. हे सगळं होताना दादांना एकही वाक्य देऊ नकोस. नटाला राग येईल, येऊ दे.

कारभारी सखारामबापूंना कमी जागा पुरेल. सगळ्या बाजूंना पाय ठेवून उभे राहणारे गृहस्थ, शेवटी नाना फडणवीसांच्या कैदेत गेले. त्यांचा प्रत्येक सल्ला शहाणपणाचाच वाटला पाहिजे, कपटी हसू वगैरे नको.

तिसरा अंक तू कंपनी सरकारवर नेणार म्हणतोस, सुरतेचा तह, साळबाईचा तह, नकाशे, तोफा. बजेट कुठून आणणारेस? त्यापेक्षा नारायणरावाच्या बायकोकडे, गंगाबाईकडे ये. खून झाला तेव्हा ती गरोदर होती, नुकतीच, किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक. बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं, 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला, चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. आता तिच्या बाजूने बघ, नवरा मेला, रडायला पण सवड नाही, आणि गडावरचे सगळे पुरुष कारभारी तिच्या पोटाची काळजी घेतायत, ती नेमकी कोणाची काळजी आहे हे तिला कळत नसेल का? हा एक प्रवेश मला आधी लिहून पाठव, दहा पानं झाली तरी चालतील. आनंदीबाईचं मग बघू, तिला मी सोडत नाहीये, पण तिच्या प्रवेशात पहिलं वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी असू दे.

तुझी,
ताई