दहा पूर्णांक दोनवाले आबा

प्रश्न: माझे वडील आता पंचाहत्तरीचे. 1972 साली कॉलेजात असताना शंभर मीटर 10.2 सेकंदांत मारलं आणि विद्यापीठात पहिला आलो, हे आबांच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकतोय. अमृतमहोत्सवाचं मानपत्र लिहायचं म्हणून मी चार शनिवार ग्रंथालयात बसून कॉलेजचे जुने वार्षिकांक चाळले. शंभर मीटरच्या निकालात आबांचं नावच नाही. 400 मीटरमध्ये तिसरे, एवढीच नोंद सापडली. मानपत्र माझा पंधरा वर्षांचा मुलगा वाचणार आहे. (तोही पळायचा. दिवाळीपासून ग्राउंड सोडलंय, स्पाइक्स माळ्यावर टाकलेत. असो.) आबांना खरं सांगू की गप्प बसू?
— एक मुलगा, कोल्हापूर

उत्तर: असो काय, असो?

आबांच्या थापेसाठी चार शनिवार घातलेत आणि पोराचं ग्राउंड सुटलं ते कंसात उरकलंत. त्याची शंभर मीटरची वेळ किती, तेही लिहिलं नाहीत. माहीत तरी आहे का?

थाप पकडायला खरं तर ग्रंथालय लागतच नव्हतं. 2025 मध्ये आपला धावपटू अनिमेष कुजूर ग्रीसमध्ये शंभर मीटर 10.18 सेकंदांत पळाला आणि तो राष्ट्रीय विक्रम ठरला. म्हणजे 1972 साली मातीच्या ग्राउंडवर, चुन्याच्या रेघांमधून पळणारे आपले आबा त्याच्या जेमतेम वीतभर मागे! तेव्हा बंदुकीचा धूर बघून हातातलं घड्याळ दाबायचे, त्यात पाव सेकंदाच्या आसपास वेळ कमीच भरते. ती सूट दिली तरी हिशेब बसत नाही.

हे तुम्हाला कळतं. पोराला कसं कळावं? तो ग्राउंडवरून धापा टाकत घरी येतो आणि चहाच्या कपाबरोबर त्याला रोज 10.2 ऐकायला मिळतं. घरातल्याच माणसानं मारलंय म्हटल्यावर त्यानं आपल्या वेळेची लाजच धरली असणार. मी त्याच्या जागी असते तर मीही स्पाइक्स माळ्यावर टाकले असते.

म्हणून गप्प बसायचं नाही. आबांना एकट्याला गाठा, वार्षिकांकाचं ते पान समोर ठेवा. 'पकडलं' असा आव आणू नका. एवढंच म्हणा, "आबा, तुमच्या 10.2 पायी पोरगं ग्राउंड सोडून बसलंय. आता तुम्हीच त्याला सांगा." तुम्ही सांगायचं नाही, त्यांनीच सांगायचं, तेही मानपत्राच्या आधी. भडकतील, दोन दिवस ताटावर बोलणार नाहीत. चालतंय की!

आणि मानपत्रात ठळक लिहा: 400 मीटर, तिसरा क्रमांक. कोल्हापूरला तिसऱ्या नंबराचं वावडं कधीपासून? राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकच्या कुस्तीत तिसरेच आले होते. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळेही तिसराच. वर 400 मीटर म्हणजे शेवटच्या शंभरात मांड्या दगड होतात. तिथं तिसरं यायला काय लागतं, ते आबा नातवाला सांगू शकतील, कारण ते त्यांनी खरंच केलंय.

पाचवा शनिवार ग्राउंडवर घालवा, तिघांनी मिळून. जायच्या आधी पोराला नवे स्पाइक्स घ्या. या वयात पाय भराभर वाढतो, माळ्यावरचे आता त्याला होणार नाहीत.