‘विदर्भ’ पडद्यावर उमटवताना

प्रश्न : मी नागपूरला महाल भागात राहतो व अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली असून ५१२ बाइटांचा बूट सेक्टर (संगणक सुरू होताना डिस्कवरून सर्वांत आधी वाचला जाणारा भाग) तयार झाला आहे. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘विदर्भ’ हा शब्द रोमन अक्षरांत नीट छापला जातो; सीताबर्डीहून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर मात्र त्या जागी भलतीच चिन्हे येतात. शिवाय हा शब्द देवनागरीत दाखवायचा असेल तर काय करावे?

उत्तर : चिन्हे येतात, त्या अर्थी बायोसने (संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमने) तुमचा सेक्टर स्मृतीतल्या ७सी०० या हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीत मोजलेल्या) पत्त्यावर चढवला आहे आणि शेवटचे ५५ व एए हे दोन बाइटही त्याला पटले आहेत. असा दोष बहुधा प्रोसेसरमधल्या डीएस रजिस्टरमध्ये (छोट्या साठवण-कप्प्यात) सापडतो. मजकूर स्मृतीत कुठून वाचायचा हे त्यावर ठरते. क्यूएमूमध्ये ते आयते शून्य मिळते, पण प्रत्येक बायोस ते शून्यच ठेवील असे नाही. म्हणून सुरुवातीलाच डीएसमध्ये स्वतः शून्य भरा. तेवढ्याने भागले नाही, तर पहिल्या आज्ञेने उडी मारून सेक्टरचे पहिले ६२ बाइट मोकळे सोडा, कारण पेनड्राइव्हवरून सुरू होताना काही बायोस त्या जागेत डिस्कची माहिती लिहून तुमचा कोड पुसून टाकतात.

देवनागरीचा प्रश्न अधिक रंजक आहे. व्हीजीएच्या (पीसीच्या जुन्या पडदा-पद्धतीच्या) मजकूर मोडमध्ये अक्षरांचा साचा बदलता येतो, त्यामुळे तिथेच मराठी अक्षरे बसवण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्या मोडमध्ये अक्षर ८ पिक्सेल रुंद, पण चौकट ९ पिक्सेलांची असते आणि १९२ ते २२३ क्रमांकांची चिन्हे सोडली तर नववा स्तंभ कोराच राहतो. इंग्रजीला ती फट सोयीची आहे, आपली शिरोरेघ मात्र प्रत्येक अक्षरापाशी तुटते. त्याहून मोठी अडचण क्रमाची आहे. युनिकोडमध्ये ‘विदर्भ’ म्हणजे व, ऱ्हस्व वेलांटी, द, र, हलन्त आणि भ अशी सहा चिन्हे. पण वेलांटी ‘व’च्या आधी काढावी लागते आणि ‘भ’च्या आधी साठवलेला ‘र’ रफार होऊन त्याच्या डोक्यावर बसतो. ही फिरवाफिरव करणारा कोड बूट सेक्टरमध्ये मावणार नाही, आणि आज त्याची गरजही नाही.

बायोसच्या १० क्रमांकाच्या इंटरप्टला (बायोसकडून काम करून घेण्याच्या हाकेला) एएक्स रजिस्टरमध्ये १३ देऊन (दोन्ही आकडे हेक्साडेसिमल) ३२० गुणिले २०० पिक्सेलांचा चित्रमोड सुरू करा. त्यात ए०००० या पत्त्यापासून प्रत्येक पिक्सेलला एक बाइट असतो. मग आलेखाच्या कागदावर ‘वि’, ‘द’ आणि ‘र्भ’ अशी तीनच चित्रे २४ गुणिले २४ चौकोनांत काढा आणि शिरोरेघ दोन्ही कडांपर्यंत न्या, म्हणजे चित्रे शेजारी ठेवली की ती आपोआप जुळेल. एका चौकोनाला एक बिट धरला, तर प्रत्येक चित्राला ७२ आणि तिघांना मिळून २१६ बाइट लागतात. मोकळे सोडलेले ६२ आणि शेवटचे दोन वजा जाता कोडला २३२ बाइट उरतात, आणि तीन चित्रे पडद्यावर उतरवायला तेवढे पुरतात.